रुईची फॅमिली कोणती, आईची वही बरोबर की लेकीचं पुस्तक?

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हेच भांडण मी वर्गात कितीदा ऐकलंय. तुमच्या बीएस्सीच्या वहीत रुई अ‍ॅस्क्लेपिएडेसी फॅमिलीत, लेकीच्या पुस्तकात अपोसायनेसीत, आणि ती म्हणते आई तुझं चुकलंय. चुकलं कुणाचंच नाही. तुम्ही शिकलात ती बेंथम आणि हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत, १८६२ ते १८८३ दरम्यानची, आणि लेकीचं पुस्तक एपीजीप्रमाणं, म्हणजे डीएनएवरून झाडांची नाती लावणाऱ्या नव्या पद्धतीप्रमाणं आहे, तिची पहिली आवृत्ती १९९८ ची.

गंमत म्हणजे १७८९ ला जुस्यू नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं रुई, कण्हेर, करवंद ही सगळी झाडं एकत्रच ठेवलेली, रुईवाली मंडळी वेगळी काढली ती रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० ला. आणि त्याला कारण दणकट होतं. रंकाळ्याकडं फिरायला गेलात की रुईचं एक ताजं फूल आणा (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, लई वाईट). फुलाच्या मधोमध पाच कोनांची जाडसर खुंटी असते, तिच्या कडेला उभ्या बारीक भेगा दिसतील. त्या भेगेत सुईचं टोक घालून खालून वर हळूच ओढायचं. सुईला काळा ठिपका चिकटून येतो, भिंगातून बघा, तो चिमट्यासारखा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी एकेक पिवळी पिशवी लोंबत असते. परागकण सुटे नाहीतच, गाठोडं बांधून ठेवलेत, आणि भुंग्याचा पाय भेगेत अडकला की तो पाय गाठोडं घेऊनच निघतो. करवंदाच्या फुलात असलं काही नाही, सदाफुलीत नाही, चाफ्यात नाही. मग ब्राउनला वाटणारच की हे घराणं वेगळं.

मग परत एकत्र का केलं? तर आता नियम असा की फॅमिली म्हणजे अख्खी भावकी पाहिजे, एक मूळपुरुष आणि त्याची झाडून सगळी वंशावळ, एकालाही मधूनच वगळायचं नाही. हे ठासून मांडलं विली हेनिग नावाच्या जर्मन किडेवाल्यानं, १९५० ला. आता झाडांच्या डीएनएचा एकच तुकडा, समजा आरबीसीएल नावाचा जीन, साधारण १४०० अक्षरांचा, वेगवेगळ्या झाडांतून काढून ओळीखाली ओळ लावायचा आणि कुठल्या जागी कुणाचं अक्षर बदललंय ते बघायचं. एखादा नवा बदल ठरावीक झाडांतच सापडला, आणि असे बरेच बदल एकाच बाजूला बोट दाखवायला लागले, की त्यांचा मूळपुरुष एक. तसं बघितल्यावर निघालं काय, तर कण्हेर ही करवंदापेक्षा रुईला जवळची! म्हणजे रुईला बाहेर काढून कण्हेर आणि करवंद एका घरात ठेवणं म्हणजे सख्ख्या चुलत्याच्या पोरांना भावकीतून काढून लांबच्या पाहुण्याला आत घेतल्यासारखं. रुईचं फूल फारच बदललं हे खरं, पण पोरगा अमेरिकेत जाऊन सूट घालायला लागला म्हणून काय सातबाऱ्यावरचं नाव उडतंय होय?

आणि नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. आपण त्रिधारी निवडुंगालाही निवडुंग म्हणतो आणि फड्यालाही. त्रिधारीला खरचटलं की पांढराधोट चीक, फड्याला नाही. त्रिधारी एरंडाच्या घरातला आणि फड्या खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. दोघं कोरड्या रानात राहून जाड आणि काटेरी झाले एवढंच. उलट कृष्णेतली मगर पालीची थोरली बहीण वाटते, पण नात्यानं ती चिमणीला जवळची, यावर आमच्या घरात अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

बाकी हा नियम कधी कधी डोक्याला ताप पण देतो. आपली कंदीलपुष्पं घ्या, शास्त्रीय नाव सेरोपेजिया, रुईच्याच भावकीतली. विशाळगडावरच्या नव्या जातीला शिवरायांचं नाव दिलं २०२३ ला, ती यातलीच. डीएनएत दिसलं की माकडशिंग नावाची रानवनस्पती आणि तिची भावंडं कंदीलपुष्पांच्या फांद्यांमधूनच फुटलीत. म्हणून २०१७ ला काही संशोधकांनी सरळ सगळ्यांना सेरोपेजिया करून टाकलं, बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही. मला विचाराल तर नातं मान्य, पण रानात माकडशिंगाकडं बघून तोंडातून सेरोपेजिया निघत नाही राव.

तर लेकीला जर्नलात अपोसायनेसी लिहू दे, खाली उपकुल अ‍ॅस्क्लेपिएडॉइडी, म्हणजे तुमचंही नाव राहिलं. फक्त सिलॅबसमध्ये कुठली पद्धत दिलीय ते आधी बघा, माझ्या एका पोराचे प्रॅक्टिकलला बरोबर उत्तर लिहून दोन मार्क गेलेत. आणि ते सुईचं जमलं की फोटो टाका.