कोकणात स्वयंपूर्ण घर बांधायचंय, सोलर किती किलोवॅटचं घ्यावं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की श्रीवर्धनच्या बाजूला 5 गुंठे घेतलेत, हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय, आणि वादळ आलं तरी महिनाभर बाहेरून काही आणावं लागू नये. तर सोलर 3 किलोवॅटचं की 5 चं, आणि बॅटरी कुठली?

सोलरचं सांगते, पण नंतर. आधी विहिरीचं. तुमच्या सबंध प्रश्नात पाणी हा शब्द एकदाही नाही.

मी याच तालुक्यात 1994 साली सून म्हणून आले. आमच्या विहिरीवर सागाचा रहाट होता. आमची विहीर वीस-बावीस फूट, पाणी गोड. 2018 च्या मे महिन्यात माझे धाकटे दीर पुण्याहून सुट्टीला आले ते घर सुधारायचं ठरवूनच. भावजी इंजिनियर आहेत, माणूस हौशी, पैसेही त्यांनीच घातले, हे आधीच सांगून टाकते. छपरावर 3 किलोवॅटची पॅनलं, जास्तीची वीज तारेत गेली की ती बिलातून वजा करणारं नेट मीटर, विहिरीत पाण्यात बुडवून ठेवायचा सबमर्सिबल पंप. बिल दोन हजारांवरून दोनशेच्या आत आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार रहाटाची. पोरंटोरं पडतील म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी टाकली, तीही चारी बाजूंनी वेल्डिंग करून. पाइप जाण्यापुरतं भोक. मी म्हटलं, भावजी, जाळी टाका, पण तिला बिजागरीचं एक झाकण ठेवा, आणि रहाट राहू दे. तर म्हणाले, "वहिनी, रहाट आता म्युझियममध्ये शोभतो." नुसतं म्हणून थांबले नाहीत. चाक सोडवून, पॉलिश करून पुण्याला नेलं. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर आहे, मागून पिवळा दिवा सोडलाय. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात.

पुढे 3 जून 2020. निसर्ग वादळ. लॉकडाउनमुळे भावजी, जाऊबाई आणि मुलं मार्चपासून इथेच, एकूण घरात नऊ माणसं. वादळाची सूचना दोन दिवस आधीपासून होती, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या मी टाकी भरून घेतली, कळशा-हंडे भरले. अकरानंतर वारा असा वाढला की बोललेलं ऐकू येईना. दुपारी पडवीचे पत्रे गेले. पत्रा उचकटतो तेव्हा गुरं ओरडल्यासारखा आवाज येतो, तो अजून कानात आहे. सासूबाई माजघरात जपमाळ घेऊन बसलेल्या, आम्ही दाराला पेटी लावून. चारच्या सुमाराला सगळं थांबलं. बाहेर येऊन बघतो तर वाडीतून समुद्र दिसत होता. सव्वीस वर्षांत आमच्या वाडीतून कधी समुद्र दिसला नव्हता. दोनशेच्या वर पोफळी होत्या, उभ्या राहिल्या पंचवीस-तीस. श्रीवर्धनी रोठा ही आमच्याकडची सुपारीची जात, तिची पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. त्याची तयारी कुठल्याच घरात होत नाही, म्हणून ते इथेच सोडते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गावातले विजेचे खांब मधोमध मोडून पडलेले, फोनला रेंज नाही. आमच्या छपरावरची कौलं उडाली होती, पण पॅनल एकही हललं नव्हतं. बसवणाऱ्याचं काम चोख. भावजी खुशीत. म्हणाले, "बघा वहिनी, आता सगळ्या गावात लाइट फक्त आपल्याकडे."

इन्व्हर्टरवर लाल दिवा. तासभर बटणं दाबून झाली, मग भावजींनी कपाटातून माहितीपुस्तक काढलं, आणि ते वाचताना त्यांचा चेहरा मी बघत होते. आमचं सोलर ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या तारेला जोडलेलं, बॅटरी नसलेलं; ते बाहेरची वीज गेली की स्वतःला बंद करून घेतं. मुद्दामच तसं बनवलेलं असतं. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. नियम योग्यच आहे. परजिल्ह्यातली पोरं येऊन आमच्या खांबांवर चढली होती, त्यांच्या जिवाशी खेळ नको. पण विकताना हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या इंजिनियरांनी विचारलं नव्हतं. डोक्यावर लखलखीत ऊन, छपरावर 3 किलोवॅट, आणि घरात मेणबत्ती.

टाकी हजार लिटरची. शहरातल्या मुलांना फ्लश ओढायची सवय, एका वेळेला आठ-दहा लिटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीने तळ दाखवला. विहीर पंधरा पावलांवर, पाण्याने भरलेली, आणि वर जाळी. वरून फणसाची फांदीही पडलेली.

हॅकसॉने जाळी कापायला तीन तास लागले आणि चार पाती मोडली. कप्पी शेजारच्यांनी दिली. पोहरा सासूबाईंनी माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवला होता, दोन वर्षं कोणाला न सांगता. दोराच्या जागी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी लावली, तिने भावजींचे तळहात कापले, मग सुंभाचा दोर मिळाला. आणि हेही लिहिते, की त्या माणसाने पुढे रोज तीस-चाळीस पोहरे ओढले, कुरकुर न करता. शेजारच्या दोन घरांच्या विहिरींवर झाडं पडली होती, त्यांचंही पाणी आमच्याकडून गेलं. आमच्या वाडीत वीज आली चौतिसाव्या दिवशी. वटपौर्णिमा वादळानंतर दोनच दिवसांनी होती, ती पडलेल्या वडाला दोरा गुंडाळून केली. आषाढी एकादशीही अंधारातच गेली, दाण्याचं कूट खलबत्त्यात.

आता तुमचं घर. बटण दाबल्याशिवाय होत नाही अशी एकही गरजेची गोष्ट घरात ठेवू नका. बटण असू दे, पण शेजारी दुसरी वाट हवी.

विहीर असेल तर जाळीला झाकण, आणि वर रहाट. तेवढी हौस नसेल तर हातपंप. वरून ओढणारा साधा हातपंप पाणी सात मीटरच्या आत असेल तरच चालतो, किनाऱ्याच्या बहुतेक विहिरींना तेवढं पुरतं. बोअर मारू नका. समुद्राजवळ खोल गेलात किंवा जोरात उपसा केलात की खारं पाणी येतं आणि मग कुठलंही सोलर ते गोड करून देत नाही. पाच गुंठ्यांत विहीर आणि संडासाचा शोषखड्डा यांत पन्नास फूट अंतर ठेवणं सोपं नसतं, म्हणून घराचा नकाशा काढायच्या आधी या दोन जागा नक्की करा. घर उरलेल्या जागेत बसवा. आर्किटेक्ट उलटं करतात. एक संडास तरी तांब्या-बादलीचा ठेवा, त्याला दोन-तीन लिटर पुरतात.

पावसाचं पाणी. हजार चौरस फुटांच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी धरता येतं, आणि 50 मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे जून-जुलैतला साधा दिवस. पन्हळ लावून ठेवा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. आम्ही त्या महिन्यात ताडपत्रीखाली पिंप लावून धुणी-भांडी त्यावर काढली.

छप्पर चारपाखी करा, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेलं. दुपाखीच्या त्रिकोणी भिंतीवर वारा थेट आदळतो. पाखं भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराला न जोडता वेगळं घ्या. आमची पडवी गेली तशी गेली, घराचे वासे जागच्या जागी राहिले ते याच कारणाने. सासऱ्यांनी बांधलेलं घर, त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. दारंखिडक्यांच्या कड्या मात्र दणकट हव्यात. वारा एकदा आत घुसला की छप्पर आतून उचललं जातं.

खाण्याचं तुम्ही काही विचारू नका, कारण कोकणात आपत्कालीन साठा दरवर्षीच होतो. त्याला आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी म्हणतात. तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, सुकट, सुके बोंबील, पापड, आंब्या-फणसाची साठं. त्या वर्षी भावजींनी डीप फ्रीजर घेतला होता, सुरमई आणि आमरस भरून. चौथ्या दिवशी सगळं खड्ड्यात पुरलं. साठं अगदी दिवाळीपर्यंत खाल्ली. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून तीन वर्षं टिकणारी पाकिटं मागवणारे आता इकडेही भेटतात, त्यांना मी काय सांगणार. चुकलो ते सरपणात. लाकडं खोपीत रचलेली, खोपीचं छप्परच गेलं, सगळी भिजली. गॅसचे दोन सिलिंडर होते म्हणून निभावलं. सरपणाची जागा पक्क्या छपराखाली काढा आणि भरलेला एक सिलिंडर नेहमी शिल्लक ठेवा. कंदील ठेवून उपयोग नाही, रॉकेल कुठे मिळतंय आता.

हं, सोलर. 3 की 5 हा प्रश्नच चुकीचा आहे. ऑन-ग्रिड की बॅटरीवालं, हे आधी विचारा. ऑन-ग्रिड बिल कमी करतं, वादळात त्याचा उपयोग शून्य. हायब्रिड घेतलंत तर वीज गेल्यावर घर तारेपासून तोडून बॅटरीवर चालवतं, पण ते महाग. आम्ही ते 3 किलोवॅट तसंच ठेवलं आणि शेजारी दोन पॅनलं, बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर आणि 150 अँपिअर-अवरची एक 12 व्होल्टची शिशाची ट्यूब्युलर बॅटरी असं वेगळं गरिबाचं सोलर केलं. कागदावर 1800 वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी 900. त्यात 30 वॅटचे दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे आठ तास, चार दिवे पाच तास आणि सगळ्यांचे फोन, एवढं बसतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतलीत तर जास्त वापरता येते, जास्त वर्षं टिकते, पैसे जास्त.

पंप यावर चालेल असं समजू नका. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो. आणि तुमची वादळं येणार मे-जूनमध्ये किंवा पावसाळा संपताना. वर्षाच्या सरासरीत 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतं, पण आषाढातल्या काळोख्या दिवशी एक युनिट मिळालं तरी खूप. त्यामुळे "5 किलोवॅट घेतलं म्हणजे एसीसकट सगळं चालेल" असं कोणी सांगत असेल तर त्याला जुलैचा आकडा विचारा.

एक राहिलं. हे सगळं किनाऱ्यावरच्या वादळाचं आहे. महाड-चिपळूणला 22 जुलै 2021 ला जे झालं तिथे यातलं निम्मं उलटं पडतं. तिथे पाणी खालून येतं, विहीर गढूळ होते, बॅटरी आणि धान्य वरच्या मजल्यावर हवं. तुमची जागा खाडीकाठाला असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की पाणी कुठवर आलं होतं, आणि त्याच्या वर जोतं घ्या. वायरिंग मात्र परवानाधारक माणसाकडूनच, मी काही इलेक्ट्रिशियन नाही.

रहाटाचं काय झालं, तर काहीच नाही. गणपतीला भावजी आले तेव्हा मी चाक परत मागितलं. म्हणाले, "कप्पीने भागतंय ना, वहिनी?" भागतंय. पण भावजी, तुम्ही इंजिनियर, तुम्हाला मी काय सांगायचं, कप्पी फक्त ओढायची दिशा बदलते, वजन तेवढंच राहतं. आपल्या रहाटाचा दोर आसावर गुंडाळायचा आणि आपण ओढायचो चाकाचे आरे, म्हणून भरलेला पोहरा निम्म्याहून हलका लागायचा. आई सत्तराव्या वर्षी पाणी काढायच्या त्या रहाटावर. कप्पीवर त्यांना अर्धा पोहराही वर येत नाही, लॉकडाउनमध्ये तुम्ही बघितलंय.

प्रश्न विचारणाऱ्यांनी रहाट करून घ्यायचा असेल तर आमच्याकडे सुतार अजून आहेत. मापं हवी असली तर कळवा. खांब आणि आस इथेच आहेत, चाकाची मापं पुण्याला जाऊन भिंतीवरून घ्यावी लागतील.