सुपारीच्या बेटावर तीन रात्री : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच ठिकाणाबद्दल होती : मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे पेनांग हे बेट आणि त्यावरचे जॉर्ज टाउन हे शहर. मी तिथे दोनदा राहून आलो आहे आणि त्या शहराबद्दल मला मनापासून ओढ आहे. म्हणून या वेळचे पूर्ण सदर त्यालाच देत आहे.

प्रश्न : मी, माझी पत्नी आणि ६८ वर्षांची आई असे तिघे दिवाळीच्या सुट्यांत तीन-चार दिवसांसाठी परदेशात जाण्याचा विचार करत आहोत. सगळे सिंगापूर सुचवतात, मात्र एका स्नेह्यांनी पेनांगचे नाव घेतले. आई पूर्ण शाकाहारी असून तिचे गुडघे दुखतात. एवढ्या थोड्या दिवसांत तिथे पाहण्यासारखे काय आहे आणि ते आईला झेपेल का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : झेपेल, पण अट एकच : दिवसाला दोन ठिकाणांपेक्षा जास्त काही ठरवू नका. सिंगापूरला जाणारा माणूस बहुधा यादी घेऊन जातो आणि ती संपवून परत येतो. जॉर्ज टाउनमध्ये यादीचा उपयोग होत नाही, कारण तिथली पाहण्याची गोष्ट म्हणजे एखादी इमारत नसून, वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसे दोनशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या शेजारी कशी राहत आली, ही आहे.

पिनांग म्हणजे मलय भाषेत सुपारी. पुलाउ पिनांग म्हणजे सुपारीचे बेट. केडाच्या सुलतानाच्या ताब्यातील हे बेट १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइट याने घेतले, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावाने गाव वसवले आणि ते करमुक्त बंदर ठेवले. जकात नाही म्हटल्यावर व्यापारी चहूकडून आले. दक्षिण चीनमधून, तमिळ किनाऱ्यावरून, सुमात्रातील आचेहून, ब्रह्मदेशातून, सयामहून माणसे आली, आर्मेनियन व्यापारीही आले व ज्याने त्याने आपापली गल्ली धरली. चुलिया (म्हणजे तमिळ किनाऱ्यावरचे मुसलमान), आर्मेनियन, आचे ही रस्त्यांची नावे आजही तीच आहेत. या जुन्या वस्तीला मलाक्कासह २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

पहिल्या सकाळी आईंना घेऊन मस्जिद कपितान केलिंग या रस्त्यावर जा. रस्त्याच्या उत्तर टोकाजवळ १८१८ सालचे सेंट जॉर्ज चर्च आहे. तिथून थोडे पुढे करुणादेवी क्वान यिनचे चिनी मंदिर आहे, त्यानंतर १८३३ मधील श्री महामारिअम्मन मंदिर आणि पुढे भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये स्थापन केलेली कपितान केलिंग मशीद. हे सगळे अंतर एका किलोमीटरच्याही आत आहे. मी सकाळी आठच्या सुमारास चिनी मंदिराच्या अंगणात उभा होतो. माणसाच्या दंडाएवढ्या जाड उदबत्त्या धुमसत होत्या, त्यांची राख खाली ठेवलेल्या पत्र्यावर गळून पडत होती आणि एक आजीबाई मुठीत तीन उदबत्त्या धरून, डोळे मिटून, चार दिशांना वाकत होत्या. तिथून चार मिनिटे चाललो तर मारिअम्मनच्या दारात अबोलीसारख्या रंगाच्या फुलांचे गजरे ओवणारी बाई बसलेली होती. गजऱ्याला दोरा तोच आणि गाठही तीच, जी आपल्याकडे नागपुरात सीताबर्डीला टेकडीच्या गणपतीला जाताना पाहतो. मारिअम्मन मंदिराचे मुख्य द्वार मागच्या क्वीन रस्त्यावर आहे आणि दुपारी ते बंद असते, म्हणून सकाळीच जावे. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून बाहेरच्यांना प्रवेश मिळतो आणि अंग झाकण्यासाठी झगाही तिथेच दिला जातो.

आता गुडघ्यांविषयी. जुन्या घरांच्या पुढे पाच फूट रुंदीची, वरून छप्पर असलेली वाट असते. तिला तिथे 'काकी लीमा' म्हणतात. काकी म्हणजे पाऊल, लीमा म्हणजे पाच. ऊन-पाऊस चुकवण्यासाठी ती उत्तम खरी, पण दर दुकानासमोर तिची उंची बदलते, मध्येच पायरी येते आणि कुठे मोटारसायकल उभी असते. आईंना तिथून चालवताना त्यांचा हात धरून चाला, किंवा तीनचाकी सायकलरिक्षा करून हा फेरा पूर्ण करा. रिक्षेचे भाडे आधी ठरवून घ्या. गावात मध्यभागी फिरणारी एक मोफत बसही आहे. बाकी सगळीकडे ग्रॅब हे टॅक्सीचे ॲप चालते आणि तेच सोयीचे पडते.

जेवणाकडे मात्र लक्ष द्यावे लागेल. पेनांगचे नाव जगभर घेतले जाते ते रस्त्यावरच्या खाण्यामुळे, आणि त्यातले बहुतेक प्रसिद्ध पदार्थ शाकाहारी माणसाच्या कामाचे नाहीत. आसाम लक्सा हा चिंचेचा आंबट-तिखट रस्सा बांगड्याच्या जातीच्या माशाचा असतो. चार क्वे त्याव या परतलेल्या रुंद शेवयांत झिंगे आणि शिंपले असतात. खरी अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. तिचे नाव बेलाचान : झिंग्यांची आंबवलेली चटणी. नुसत्या पालेभाजीतही ती सर्रास पडते, आणि 'मांस नको' म्हटले तर दुकानदार मांस काढतो, बेलाचान तशीच राहते. म्हणून 'बेलाचान नको' असे नाव घेऊनच सांगायचे.

आईंना निश्चिंतपणे जेवता येईल अशी ठिकाणे दोन प्रकारची. एक, लिटल इंडिया या भारतीय वस्तीतली तमिळ शाकाहारी खानावळ, जिथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पोरियल मिळते. दुसरी, बौद्ध चिनी लोकांची शाकाहारी दुकाने, ज्यांत परंपरेने कांदा-लसूणही टाळतात. तिथे ताटात कोंबडीसारखे किंवा माशासारखे दिसणारे काही आले तर आईंना घाबरू देऊ नका. ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या चिकाचे केलेले असते. अनेक चिनी घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य असते, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास या दुकानांत गर्दी होते. गोडाचे म्हणाल तर चेंडोल अवश्य घ्यावे : बर्फाचा चुरा, नारळाचे दूध, ताडगूळ, राजमा आणि हिरव्या शेवया. संध्याकाळी सायकलवर पुतु मायम विकणारा भेटला तर तेही घ्या. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओले खोबरे आणि गूळ. आपल्या आजीच्या हातच्या शेवयांची आठवण व्हावी असे ते खाणे आहे.

आणि आपण व पत्नी मांसाहार करत असाल तर नासी कंदर चुकवू नका. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावर कावड घेऊन फिरत, एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला रस्सा. कंदर म्हणजे तीच कावड.

दुसऱ्या दिवशी पेनांग हिल. तिथली दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे १९२३ मध्ये सुरू झाली. आताचे डबे नवे आहेत आणि काही मिनिटांत आपण सुमारे सातशे मीटर उंचीवर पोहोचतो. वर हवा थंड असते, बाके आहेत, आणि मुरुगनचे मंदिर व मशीद एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. सकाळी लवकर जावे, कारण नऊ-दहानंतरची रांग आईंच्या गुडघ्यांना सोसणार नाही. तिसरा दिवस मोकळा ठेवा. आईंना जी जागा आवडली असेल तिथे पुन्हा जा.

हवामानाची एक गोष्ट नागपूरकरांना आवर्जून सांगतो. तिथे पारा बत्तीसच्या फारसा वर जात नाही, म्हणून आपल्याला वाटते की मे महिन्यात पंचेचाळीस सोसणाऱ्याला ते काय. पण आपला उन्हाळा कोरडा. त्यात कूलर चालतो आणि घाम वाळतो. पेनांगमध्ये घाम वाळतच नाही. अकरा ते चार खोलीत विश्रांती घ्या. दिवाळीच्या सुमारास तिथे पावसाचे दिवस असतात. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो आणि जोरात येतो. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मात्र दिवाळीला मलेशियात सार्वजनिक सुटी असते आणि लिटल इंडिया तेव्हा दिव्यांनी आणि कोलमच्या रांगोळ्यांनी सजलेले असते. आईंना ते पाहायचे असेल, तर छत्री घेऊन खुशाल जा.

प्रश्न : आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारे कुटुंब आहोत. पेनांगमध्ये बौद्ध विहार पाहायचे असल्यास कुठे जावे?
— एक वाचक, इंदोरा

उत्तर : आपले पत्र वाचून मला विशेष आनंद झाला, कारण या बेटावर बौद्ध धम्माच्या निरनिराळ्या परंपरा एका दिवसात पाहता येतात आणि प्रवासी कंपन्या ते नीट दाखवत नाहीत.

पुलाउ तिकुस भागात बर्मा गल्लीत १८०३ मध्ये स्थापन झालेला धम्मिकाराम हा ब्रह्मी विहार आहे आणि त्याच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की, वाट चयमंगलाराम हा थाई विहार. थाई विहारात ३३ मीटर लांबीची बुद्धांची शयनमूर्ती आहे. बहुतेक लोक समोरून छायाचित्र काढून परततात. आपण मूर्तीला प्रदक्षिणा घालून मागच्या बाजूला जा : तिथे भिंतीत लहान लहान कोनाडे असून त्यांत दिवंगतांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत, प्रत्येकावर छोटेसे छायाचित्र आहे. मी गेलो तेव्हा एक मुलगा खिशातील रुमालाने असे एक छायाचित्र पुसत होता.

त्यानंतर आयर इताम भागातला केक लोक सी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या चिनी विहाराचा सात मजली स्तूप १९३० मध्ये पूर्ण झाला. त्याचा पाया अष्टकोनी चिनी घडणीचा, मधले मजले थाई आणि कळस ब्रह्मी आहे. सयामचे राजे सहावे राम यांनी त्याची पायाभरणी केली होती. महायान आणि थेरवाद या दोन्ही परंपरा एकाच वास्तूत अशा मांडलेल्या मी अन्यत्र पाहिलेल्या नाहीत. वरच्या टेकडीवर क्वान यिनची तीस मीटरहून उंच कांस्यमूर्ती आहे आणि तिच्यापर्यंत तिरकी लिफ्ट जाते. स्तूपाला मात्र पायऱ्याच आहेत. पेनांग हिलचे स्थानक इथून जवळच असल्याने दोन्ही एका दिवसात करता येतील.

शक्य असेल तर बुद्धपौर्णिमेला जा. मलेशियात तिला वेसाक म्हणतात, त्या दिवशी सुटी असते आणि विहार दिवसभर गजबजलेले असतात.

प्रश्न : व्हिसा, विमान आणि पैसे यांविषयी थोडक्यात सांगावे.
— एक वाचिका, मनीषनगर

उत्तर : भारतीय पासपोर्टधारकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसामाफी दिलेली आहे आणि ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवण्यात आलेली आहे, तिकीट काढण्यापूर्वी मुदत तपासून घ्या. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रक ऑनलाइन भरावे लागते. ते मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि परतीचे तिकीट व हॉटेलचे आरक्षण छापून जवळ ठेवावे.

नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, मुंबई, बंगळुरू किंवा दिल्लीमार्गे क्वालालंपूर किंवा सिंगापूर आणि तिथून पुढे पेनांग असा प्रवास करता येतो. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या, हे मी कळकळीने सांगतो. पहिल्या वेळी मी थोडे पैसे वाचवण्यासाठी दोन वेगळी तिकिटे काढली, पहिले विमान उशिरा निघाले, पुढचे सुटले, आणि तिकिटे वेगळी असल्यामुळे कोणीच जबाबदारी घेतली नाही. पत्नीसह रात्र खुर्चीत काढावी लागली आणि तीन रात्रींच्या सहलीतली एक तिथेच गेली.

रिंगिट हे तिथले चलन; एक रिंगिट वीस रुपयांहून महाग पडतो. खाण्याच्या गाड्यांवर रोख रक्कम लागते, म्हणून सुटे बाळगा. विजेच्या सॉकेटला तीन चौकोनी पट्ट्यांचा प्लग लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

प्रश्न : समुद्रावरील लाकडी घरांच्या वस्तीची छायाचित्रे पाहिली. तिथे मुलांना घेऊन जाता येईल का?
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : जाता येईल, आणि मुलांना आवडेलही. पण ते प्रदर्शन नाही, लोकांची घरे आहेत, हे मुलांना निघण्याआधी समजावून सांगा. खांबांवर उभ्या असलेल्या या धक्क्यांवर एकेका आडनावाची चिनी भावकी पिढ्यानपिढ्या राहत आली : च्यू, लिम, तान, ली. च्यू धक्का सर्वांत मोठा आणि सर्वांत गर्दीचा. फळ्यांच्या वाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना उघडी दारे असतात, आत देव्हारा दिसतो, कुणी आजोबा जेवत असतात, आणि पर्यटक दारात उभे राहून त्यांच्या ताटावर कॅमेरा रोखतात. मला ते पाहवले नाही. आपल्या इतवारीतल्या वाड्याच्या चौकात परक्या माणसाने असे केले, तर आपण काय म्हणू? सकाळी जा, हळू बोला, घरांच्या आतले छायाचित्र काढू नका.

छायाचित्रांची हौस आर्मेनियन रस्त्यावर भागवावी. लिथुआनियाचे चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच यांनी २०१२ मध्ये तिथल्या भिंतीवर सायकलवरची दोन मुले रंगवली. सायकल खरी, भिंतीला ठोकलेली; मुले रंगाची. मुलांना मागे उभे करून हवी तितकी छायाचित्रे घ्या. भावकीचा थाट पाहायचा असेल तर जवळच असलेले खू कोंग्सी पाहा. १९०१ मध्ये जळाल्यानंतर १९०६ पर्यंत पुन्हा उभारलेले ते कुलगृह आहे, आणि त्याच्या छपरावरचे नक्षीकाम पाहण्यात अर्धा तास सहज जातो.

प्रश्न : तिथून काय आणावे?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : जायफळ. आपण श्रीखंडात घालतो ती बी. पेनांगमध्ये तिच्याभोवतीचा गर साखरेत मुरवून खातात आणि त्याचे सरबतही करतात. वाळवलेल्या फोडी घ्या. सरबताची बाटली घेतलीत तर ती मोठ्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, हातातल्या बॅगेत नाही.