9 युरोंचा पिझ्झा साडेबाराला कसा पडला?

उन्हाळ्यात परदेशी जाऊन आलेल्यांची आणि दिवाळीत निघणाऱ्यांची पत्रं यंदा एकदमच आली. तिकिटाचा नि व्हिसाचा हिशोब सगळ्यांचा चोख, गाडी अडते ती जेवणावर.

प्रश्न : व्हेनिसला मेनूवर पिझ्झा 9 युरोंचा होता. चौघांचे 36 व्हायला हवेत, बिल आलं 50. परके पाहून लुबाडलं का? (सुदामानगर, इंदूर)

नाही. बिलावर ‘कोपेर्तो’ लिहिलेलं असणार. टेबलावर बसण्याचा, ताट-चादरीचा नि पावाचा हा माणशी आकार. तुम्ही पावाला हात लावला नाही तरी तो लागतोच. 2 युरोंप्रमाणे चौघांचे 8, पाण्याच्या 2 बाटल्यांचे 6, झाले 50. हा आकार मेनूत छापावा लागतो, पण तो असतो तळाशी, बारीक अक्षरात. तिथून वाचायला सुरुवात करा. सान मार्को चौकातल्या कॅफेत तर वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही वेगळे पैसे लावतात. ऐकायला हरकत नाही, माहीत असलं म्हणजे झालं.

इटलीत कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यावी. तीच कॉफी खुर्चीवर बसून घेतली की दुप्पट-तिप्पट होऊ शकते. इंदूरच्या छप्पन दुकानवर उभ्यानं खाणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जाऊ नये! पाण्यासाठी रिकामी बाटली जवळ ठेवा, व्हेनिसमध्ये चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. फ्रान्समध्ये जेवताना नळाच्या पाण्याचा ‘काराफ’ (सुरई) मागा, फुकट मिळतो. नुसतं ‘वॉटर’ म्हणालात तर विकतची बाटली येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : सिंगापूरच्या हॉटेलांच्या मेनूत किमतीपुढे ‘++’ का असतं? आम्ही शाकाहारी. (स्नेहनगर)

पहिला अधिक 10 टक्के सेवाशुल्काचा, दुसरा 9 टक्के जीएसटीचा, आणि तो सेवाशुल्क मिळवून झाल्यावर लागतो. म्हणजे 100 डॉलरचे 119.90. हे टाळायचं तर हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखालचे खाण्याचे ठेले, गाठा. तिथे ‘++’ नाही, पाटीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा-इडली मिळते. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर कुणी विसरलंय असं समजून बसू नका, जागा धरलेली असते. खाऊन झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. चिनी ठेल्यावर भाजी मागवताना मात्र त्यात मासळीचं सॉस नाही ना, हे विचारून घ्या. ‘व्हेज’ म्हटल्यानं ते सुटत नाही.

प्रश्न : कार्ड मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारतं. काय दाबावं?

युरो. जिथे असाल तिथलं चलन. रुपये दाबले की दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि तो तुमच्या सोयीचा क्वचितच असतो. तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही निघण्यापूर्वी विचारून ठेवा. पुष्कळ कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत, वर त्यावर जीएसटी.

प्रश्न : न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. जेवण 40 डॉलरचं, त्यानं 50 ठेवले. एवढी टिप कशाला? (लोकमान्यनगर)

मुलाचं बरोबर आहे. तिथे मेनूतल्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे 2.65 डॉलर. 18 टक्के टिप 7.20. बेरीज 49.85. टिपवर जगणाऱ्या वाढप्यांसाठी अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच अडकलंय. काही राज्यांत जास्त आहे, तरी पोट टिपवरच. टेबलावर वाढून घेतलंत तर हात आखडता घेऊ नका. काउंटरवरून स्वतः कॉफी उचलली नि पडद्यानं टिप विचारली, तर ‘नो’ दाबायला अजिबात संकोच नको. मोठा गोतावळा असेल तर बिलात टिप आधीच लावलेली असू शकते, ती बघा, नाहीतर दोनदा द्याल. आणि उरलेलं डब्यात बांधून मागा, तिथे सगळेच नेतात.

प्रश्न : दुबईला मुलीकडे आठवडाभर. बाहेरचा खर्च वाचवायला फराळ भरून नेला तर? (रामबाग)

न्या, पण खसखस घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, सिंगापूरलाही. अनारसे रद्द. करंजीच्या सारणात आणि गोड्या मसाल्यातही ती असते, तेव्हा डबा भरण्यापूर्वी करणाऱ्याला विचारा. सेव, चकल्या, शंकरपाळे बिनधास्त. हाच डबा पुढे युरोपला नेणार असाल तर पेढे वगळा, तिथे प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. बाकी दुबईत करामा आणि बर दुबई भागात साधी शाकाहारी थाळी सहज मिळते, आणि मेनूतल्या किमतीत 5 टक्के व्हॅट धरलेला असतो. मॉलमध्ये जेवायची हौस एखाद्या संध्याकाळी भागवा. रोजचं जेवण मुलीकडेच, ती पोळ्या करून थकली तर करामा आहेच.