वाचकांचे प्रश्न : हेडफोन, डाँगल आणि गायब झालेला गायक

प्रश्न : माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम२०एक्स हेडफोन आहेत. नव्या फोनला गोल जॅकच नाही. ‘अँप (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) घेतल्याशिवाय आवाज खुलत नाही’ असं जो तो सांगतो. तीन हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कोणता घ्यावा? (नाशिक)

उत्तर : कोणताच नको. या हेडफोनचा रोध ४७ ओहम आणि संवेदनक्षमता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. १ मिलिवॅट पोचवायला साधारण ०.२२ व्होल्ट पुरतात. बऱ्या डाँगलमधून, म्हणजे फोनच्या टाइप-सीला लावून गोल जॅक देणाऱ्या जोडतुकड्यातून, १ व्होल्ट मिळतो, म्हणजे २१ मिलिवॅट. त्यावर आवाज १०९ डेसिबलपर्यंत जातो. इतका आवाज तुम्ही ऐकणार नाही, ऐकूही नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास आहे.

आता उदाहरणादाखल सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन बघा. तो ३०० ओहमचा, १ व्होल्टला ९७ डेसिबल देणारा. तिथे १०९ गाठायला ४ व्होल्ट लागतात आणि ते साध्या डाँगलच्या आवाक्याबाहेरचे. अँप लागतो तो अशा हेडफोनला. तुमच्या हेडफोनला अँप लावून आवाज ‘खुलला’ असं वाटलं, तर तो बहुतेक वेळा नुसता वाढलेला असतो. थोडं मोठं वाजलं की कानाला चांगलंच वाटतं. दुकानात तुलना करताना दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करून घ्या.

डाँगल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. शंभर-दीडशे रुपयांच्या कित्येक डाँगलमध्ये नुसत्या तारा असतात, आवाज तयार करणारी चिप नसतेच. फोनने टाइप-सीमधून थेट अ‍ॅनालॉग आवाज सोडला तरच त्या चालतात, आणि बरेच नवे फोन तो सोडत नाहीत. म्हणून खोक्यावर ‘डॅक’ (हीच ती चिप) लिहिलेलं बघा. अ‍ॅपलचा टाइप-सी डाँगल साधारण हजाराच्या आसपास मिळतो आणि त्या पैशात उत्तम आहे. त्याच्या दोन जाती आहेत : ए२०४९ मधून १ व्होल्ट निघतो, युरोपात विकल्या जाणाऱ्या ए२१५५ मधून निम्माच. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आतला आवाज खालच्याच पातळीवर अडकून राहतो. आयफोन किंवा लॅपटॉपला लावला की तोच डाँगल दणक्यात वाजतो. अँड्रॉइडवाल्यांनी दुसऱ्या कंपनीचा डॅकवाला डाँगल घेतलेला बरा.

उरलेले पैसे खिशात ठेवा आणि इक्वलायझर (खालचे-वरचे सूर पट्ट्यांनी वेगवेगळे कमी-जास्त करणारं अ‍ॅप) वापरा. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ आणि त्याच्या जोडीला ‘पीस’, अँड्रॉइडवर ‘वेव्हलेट’. ‘ऑटोईक्यू’ या मोफत संग्रहात हेडफोनच्या मॉडेलप्रमाणे तयार आकडे मिळतात. आकडे हाताने भरताना एक चूक हमखास होते : पट्ट्या वर सरकवायच्या आणि प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, शून्यावरच सोडायचा. मग मोठ्या आवाजाची टोकं कापली जातात आणि तबल्याची थाप फाटल्यासारखी येते. सगळ्यांत उंच पट्टी +५ वर असेल, तर प्रीअँप −५ करा. एकूण आवाज कमी होईल, तो फोनच्या बटणाने वाढवून घ्या.

प्रश्न : चार वर्षं जुन्या हेडफोनचा बेस गेला आहे. गाद्यांची सालंही निघतात. स्पीकर खराब झाला का? (ठाणे)

उत्तर : हेडफोन घाला आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानांवर दाबा. बेस परत आला तर स्पीकर ठणठणीत आहे, दोष गाद्यांचा. कान आणि कपामधली हवा बंदिस्त राहिली तरच खालचे सूर पोचतात, फट पडली की ते आधी निसटतात. चष्म्याच्या काड्याही हेच करतात. नकली कातड्याचं पॉलियुरेथेन दमटपणाने सुटतं, त्यामुळे कोकणपट्टीत गाद्या लवकर जातात. पावसाळ्यात हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

नवी जोडी मागवण्याआधी बाहेरचं माप, आतल्या भोकाचं माप आणि जाडी मोजा. मखमली गादी उन्हाळ्यात सुखाची, पण बेस कमी करते. गादी फार जाड घेतली तर स्पीकर कानापासून लांब जातो आणि आवाजाचा तोलच बदलतो. बसवताना गादीची पातळ किनार एका टोकाला खाचेत अडकवा आणि बोटाने गोल फिरवत नेत पूर्ण करा, एकदम ओढू नका. जुन्या गादीखाली स्पंजाची पातळ चकती असेल तर ती जागेवरच राहू द्या. ती काढली की ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात.

प्रश्न : इअरफोनवर गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, वाद्यं मात्र ऐकू येतात. जुनी नाट्यगीतं तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. गाण्याची फाइल बिघडली का? (सातारा)

उत्तर : फाइल ठीक आहे. तुमच्या तारेतली सामाईक परतीची तार, म्हणजे ग्राउंड, तुटली आहे. ती तुटली की दोन्ही स्पीकर एकामागोमाग जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा वाजतो. गायक मधोमध, दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. जुनं ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही बाजू एकच. मग उरणार काय?

आधी पिन पूर्ण आत जाते का बघा. फोनच्या जाड कव्हरमुळे ती बाहेर राहिली तरी हेच होतं. नंतर मल्टिमीटर ओहमवर लावा. इअरफोन ३२ ओहमचा असेल तर पिनचं टोक आणि ग्राउंड (साध्या पिनचा बुंधा, हल्लीच्या माइकवाल्या पिनचं दुसरं कडं) यांत ३२च्या आसपास आकडा दिसायला हवा. तिथे काहीच नाही, पण टोक आणि त्यालगतचं पहिलं कडं यांत ६४च्या आसपास दिसतं, तर निदान पक्कं.

तार बहुधा पिनपाशीच तुटते. पिनपासून ३-४ सेंटिमीटर वर कापा. पिनवर काळ्या रेघा दोन असतील तर नवी पिन तशीच घ्या. तीन असतील तर माइकवाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुट्या पिना मिळतात. नव्या पिनचं झाकण आणि हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) आधी तारेत ओवून ठेवा. हे विसरून डाख दिला की सगळं परत सोडवावं लागतं. आतल्या तारांवर रंगीत लेप असतो. तो न काढता डाख दिला तर दिसायला जोड छान, पण आवाज शून्य. गरम सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर रोझिन (राळ) आणि डाखाचा थेंब घ्या, तारेचं टोक त्यात धरा. लेप जळून तार चंदेरी झाली की झालं. सहसा लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ग्राउंड. ग्राउंडच्या दोन असतील तर एकत्र पिळा. रंगांवर विसंबू नका, डाख देण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा. डावी तार टोकाला, उजवी पहिल्या कड्याला. दोन रेघांच्या पिनमध्ये ग्राउंड बुंध्याला जातं. हल्लीच्या माइकवाल्या पिनमध्ये ते दुसऱ्या कड्याला आणि माइक बुंध्याला.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनचा आवाज सुधारायला फोनला डॅक लावू का? (बेळगाव)

उत्तर : उपयोग नाही. ब्लूटूथमध्ये डॅक आणि अँप हेडफोनच्या आतच असतात, फोनचा डाँगल त्या वाटेवर येतच नाही. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच गाणं जुन्या टेलिफोनसारखं येत असेल, तर हेडफोनचा माइक चालू झाल्याने तो कॉलच्या मोडमध्ये गेला आहे. माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा.