बुटके कोळी कोणत्या कुळातले आणि ते कुठे आढळतात?

बुटके कोळी हे स्वतंत्र कुळ नाही. ते लिनिफिइडी कुळातल्या एरिगोनिनी या उपकुळात मोडतात. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या खालोखाल, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं कुळ लिनिफिइडी. त्यात 4,000 हून अधिक जाती आहेत.

बहुतेकांची लांबी जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर, म्हणून रंगावरून किंवा जाळ्यावरून जात ठरवू नका. सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. नरांची डोकी मात्र बघण्यासारखी! कुठे फुगवटा, कुठे खाच. वाल्केनेरिया अक्युमिनाटा या जातीच्या नराचे तर डोळेच उंच देठावर बसलेले असतात. काही जातींत मीलनाच्या वेळी मादी नराच्या डोक्यावरचा स्राव चाखते, त्यामुळे हे आकार निव्वळ शोभेचे नाहीत.

विस्तार जवळपास जगभर, पण खरी रेलचेल युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड व समशीतोष्ण पट्ट्यात, अगदी आर्क्टिक टुंड्रापर्यंत. उष्ण कटिबंधात ते तुलनेने कमी.

पालापाचोळा, शेवाळ, गवताची मुळं इथे शोधा. एरिगोने आत्रासारख्या जाती रेशमाच्या धाग्यावर वाऱ्यासोबत तरंगत जातात, म्हणूनच नांगरलेल्या शेतात त्या इतक्या लवकर पोहोचतात.