रोममध्ये राजेशाही गेल्यावर सत्ता सामान्य लोकांच्या हाती आली का?

लगेच नाही. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमनांनी शेवटचा राजा टार्क्विनियस याला हाकलून दिलं आणि दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडायला सुरुवात केली. पण कॉन्सलपद, सिनेट, पुरोहितपदं हे सगळं बहुतांशी पॅट्रिशियन या मोजक्या खानदानी घराण्यांकडेच राहिलं. बाकीचे प्लेबियन: शेतकरी, कारागीर, व्यापारी. लढाईला जायचं यांनी, आणि मागे शेत पडीक राहून कर्ज झालं तर सावकाराकडे राबायचंही यांनीच.

माझ्या मते खरं वळण आलं ते इ.स.पू. ४९४ मध्ये. कर्जाला कंटाळलेले प्लेबियन सैनिक शहर सोडून आनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले. लढायला माणसंच उरली नाहीत म्हटल्यावर सिनेटला नमतं घ्यावं लागलं आणि प्लेबियनांना स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे त्यांचं रक्षण करणारे प्रतिनिधी, मिळाले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हा देवाधर्माचा अपराध मानला जाई. पुढे तर कॉन्सलचा हुकूमही तो रोखू शके. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यांसाठी त्याच्या घराचं दार रात्रीही उघडं ठेवण्याची रीत होती.

बारा पाट्यांवरचे लेखी कायदे इ.स.पू. ४५० च्या सुमारास आले, तर कॉन्सलपद प्लेबियनांना खुलं व्हायला ३६७ उजाडलं. बायका आणि गुलाम मात्र मतदानाबाहेरच राहिले.