सकाळचा मऊभात दुपारी गरम करून बाळांना भरवला तर चालतो का?

ताई, तुम्ही रत्नागिरीत घरीच लहान मुलं सांभाळता. सकाळी आठला केलेला मऊभात एकला गरम करून भरवावा का आणि बाळांना मासे द्यावेत का, असं विचारलंय. माझंही मालवणात घरगुती पाळणाघर आहे.

पाच तास बाहेर राहिलेला भात अजिबात नको. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. भाताला वास येत नाही, तारही सुटत नाही, म्हणून चव बघून ठरवू नका, घड्याळ बघा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि मे महिन्यात पारा ३२ अंशांच्या वर असतो तेव्हा एकच तास.

सगळ्यात बरं म्हणजे डाळ-तांदूळ सकाळी काढून ठेवायचे आणि कुकर बारालाच लावायचा. ते जमणार नसेल तर भात शिजल्याबरोबर परातीत पातळ पसरा, पंख्याखाली निववा आणि प्रत्येक मुलाचा वेगळा छोटा डबा लगेच फ्रीजमध्ये टाका. देताना आतपर्यंत वाफ धरेल असा गरम करा, मग निववून भरवा. उष्टं उरलं तर टाकून द्या, जीव हळहळला तरी. पावसात लाईट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज चार तास थंडावा धरतो.

मासे सहा महिन्यांनंतर चालतात, पण नवीन मासा पहिल्यांदा आईनेच घरी देऊन बघू दे. बांगडा, तारली बर्फाशिवाय राहिली की त्यांत हिस्टामिन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं. तेही शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. म्हणून टोपलीत बर्फ नसेल तर बांगडा घेऊच नका, ओळखीची मावशी असली तरी. मी पापलेट घेते आणि बोटांनी कुस्करून एकेक काटा चाचपते. चमच्याने बारीक काटा कळत नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. आजी गुटी मधात उगाळून पाठवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा धोका असतो. गुटी द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारू दे, पण मध नको हे आजींना तुम्हीच समजावून सांगा. माझ्याकडच्या आजींनी ऐकलंय.